आवाज वाढला, ताकद तेवढीच!

मे महिन्यातली भुसावळची रात्र ज्यांनी काढली आहे, त्यांना झोपेची किंमत वेगळी सांगायला नको. दिवसा पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेलेला असतो आणि घराच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारख्या धगधगत राहतात. संध्याकाळी गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी ओतायचे, फरशी निवली की सतरंज्या टाकायच्या आणि तापीच्या बाजूने वाऱ्याची एखादी झुळूक येते का याची वाट पाहत पडून राहायचे, हा इथल्या कितीतरी घरांचा उन्हाळ्यातला परिपाठ. बारा वाजून गेल्यावर कुठे डोळा लागतो.

त्याच वेळी तिकडे स्टेशनातून मालगाड्या जात असतात. डब्यांचे धक्के, रुळांचा खडखडाट, इंजिनाचा भोंगा... भुसावळकर कूसही बदलत नाही. उलट एखाद्या रात्री गाड्या खोळंबल्या आणि सारे सामसूम झाले, तर रेल्वेतून निवृत्त झालेली म्हातारी माणसे ‘काय झाले?’ म्हणून उठून बसतील! आणि मग रात्री एकच्या सुमारास एखादी रिकामी पिकअप हमरस्ता सोडून आळीत शिरते. चालक ॲक्सिलरेटरवर दोनदा पाय दाबतो आणि फाडफाड आवाजाने सगळी आळी जागी होते. तान्हे मूल दचकून रडू लागते. रक्तदाबाचे आजोबा छातीवर हात ठेवून उठून बसतात. सकाळी परीक्षा असलेली मुलगी डोक्यावर उशी घेते. गाडी एव्हाना पुढच्या चौकात पोहोचलेली असते.

रेल्वेच्या दणदणाटात गाढ झोपणारे गाव एका पिकअपने का जागे होते? सवय हे त्याचे एक उत्तर आहे. पण दुसरेही एक उत्तर आहे, आणि ते त्या गाडीखाली बसवलेल्या नळीत दडलेले आहे.

वाफेच्या इंजिनाचा वारसा

मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद, अशी आपली एक पक्की समजूत आहे. तिला हसण्याचे कारण नाही. निदान भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाने तरी हसू नये. कारण एके काळी ही समजूत शंभर टक्के खरी होती.

वाफेचे इंजिन चालताना जो ‘छुक छुक’ आवाज येई, तो काम करून बाहेर पडणाऱ्या वाफेचा असे. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झाला की ती वाफ नुसती हवेत सोडून देत नसत. ती एका अरुंद तोंडाच्या नळीतून जोराने धुराड्यात सोडत. वाफेचा तो झोत जाताना आपल्याबरोबर बॉयलरमधला धूर ओढून नेई, त्यामुळे भट्टीत ताजी हवा खेचली जाई आणि कोळसा अधिक धगीने पेटे. म्हणजे चढावर गाडी जड झाली की वाफ जास्त, वाफ जास्त की आवाज मोठा, आवाज मोठा की आग मोठी आणि आग मोठी की पुन्हा वाफ जास्त! दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार ठोके पडत. ते चारही सारखे पडले तर सारे ठीक. एक ठोका लंगडा पडला की जाणत्या ड्रायव्हरला खाली न उतरताच कळे, की झडपेचे काहीतरी बिघडले आहे. त्या इंजिनाचा आवाज म्हणजे त्याची नाडीच होती.

डिझेलवर चालणाऱ्या पिकअपचे तसे नाही. तिच्या नळीतून येणारा आवाज इंजिनाचे कोणतेही काम करत नाही. तो नुसता उरलासुरला गाळ आहे. पण वाफेची इंजिने गेली तरी त्यांनी शिकवलेली समजूत मागे राहिली, आणि आज तिच्यावर गॅरेजच्या पाटीखाली धंदा चालतो.

डब्याच्या आत काय घडते?

पिकअपच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा वेग मिनिटाला २००० फेरे असेल, तर सेकंदाला सुमारे ६६ वेळा दाबाखालचा तापलेला वायू झडपेतून बाहेर उसळतो. प्रत्येक वेळी एक छोटा धमाका होतो. हे सारे धमाके नळीतून सरळ बाहेर सोडले तर मशीनगन चालल्यासारखे वाटेल. म्हणून वाटेत एक डबा बसवतात. तोच सायलेन्सर.

हा डबा रिकामा नसतो. त्यात आडव्या भिंती असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात, वेगवेगळ्या मापांचे कप्पे असतात. अरुंद नळीतून आलेला वायू मोठ्या कप्प्यात पसरला की त्याचा दाब उतरतो. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परत फिरतात आणि मागून येणाऱ्या लाटांना छेद देतात. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की दोन्ही विरतात. ही कल्पना काही नवी नव्हे. अमेरिकेत मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ मध्येच इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले होते. मोटारगाडी नुकती रांगू लागली होती, तेव्हाच तिला गप्प करण्याची गरज लोकांना कळली होती!

आता ताकदीचा हिशेब पाहू. सत्तर-पंच्याहत्तर अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे पन्नास हजारांहून अधिक वॅट. आणि अख्खी आळी जागी करणाऱ्या नळीतून आवाजाच्या रूपाने बाहेर पडणारी शक्ती किती? फार तर काही वॅट. आपल्या स्वयंपाकघरातल्या एलईडी दिव्याला लागते तेवढीही बहुधा नसते. माणसाचा कान इतका तीक्ष्ण आहे, की तेवढ्यानेही तो हैराण होतो. तेव्हा दणदणाट करणाऱ्या गाडीने फार मोठी ताकद मोकळी केली आहे, असे समजण्याचे कारण नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण इथे वॅटच्या मापाने खरी ठरते.

‘गाडी हलकी पळेल, भाऊ!’

तरीही गॅरेजमध्ये संवाद रंगतो. ‘मिस्त्री, गाडीत जरा दम वाटला पाहिजे.’ ‘भाऊ, डबा काढून सरळ पाइप टाकून देतो. गाडी हलकी पळेल, डिझेलही वाचेल.’ यात सगळेच खोटे आहे असे म्हणता येणार नाही. वायूला बाहेर पडायला अडथळा कमी झाला तर इंजिनाला थोडी सुटका मिळते, हे खरे. शर्यतीच्या गाड्यांना मोकळ्या नळ्या असतात त्या याचसाठी. पण तो फायदा जाणवतो इंजिन फार वेगाने फिरते तेव्हा, आणि तोही इंधनाचे प्रमाण त्याबरहुकूम बदलले तर. रावेर-यावलच्या शिवारातून केळीचे घड घेऊन निघालेली किंवा कापसाची गाठोडी लादलेली पिकअप आयुष्यभर कमी फेऱ्यांवर ओझे ओढत असते. तिला या मोकळ्या नळीचा उपयोग किती, तर लग्नाच्या घोड्याला शर्यतीचे नाल ठोकावेत तितका!

मग गाडी हलकी वाटते ती का? आवाज मोठा आला की आपल्याला वेग जास्त वाटतो, म्हणून. खात्री करायची तर उपाय सोपा आहे. नळी बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर टाकी काठोकाठ भरून, तेवढेच ओझे घेऊन, त्याच रस्त्याने गाडी न्यावी आणि किती लिटर डिझेल लागले ते वहीत लिहावे. कानांपेक्षा वहीवर विश्वास ठेवावा. गाडीचा हप्ता वहीतूनच जात असतो.

सायलेन्सर खरोखरच बदलावा लागतो तेव्हा

याचा अर्थ सायलेन्सर कधी बदलूच नये असा नाही. तो सडतोच. आणि गंमत अशी, की तो बाहेरच्या पावसाइतकाच आतल्या पाण्याने सडतो. एक लिटर डिझेल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब पल्ल्यावर गेली तर नळी तापून ही वाफ बाहेर जाते. पण बाजार समिती ते दुकान आणि दुकान ते गोदाम अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची नळी पुरती तापतच नाही. पाणी डब्याच्या तळाशी साचते, धुरातल्या गंधकाशी मिळून आम्ल होते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून डबा ठीक दिसतो आणि एक दिवस खड्ड्यात आपटून गळून पडतो.

अशा वेळी कंपनीचा किंवा त्याच मापाचा, त्याच बनावटीचा प्रमाणित सायलेन्सर बसवून घेणे हे गाडीमालकाचे कर्तव्यच आहे. आणि ते काम नीट झाले की नाही, हे पाहायला मेकॅनिकच असावे लागते असे नाही. चार गोष्टी माहीत असल्या की पुरे.

पहिली गोष्ट, इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हात घालू देऊ नये आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणाला जाऊ देऊ नये. खाली घोडी लावलेली हवी, नाहीतर खड्ड्यावर गाडी घ्यावी. गंजलेले नटबोल्ट छिन्नीने तोडण्यापेक्षा आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर मॅनिफोल्डचे स्टड वाचतात. एक स्टड तुटला की पन्नास रुपयांचे काम हजारांवर जाते.

दुसरी गोष्ट, पॅकिंग आणि रबराचे हँगर नवे घालावेत. जुने पॅकिंग पुन्हा बसवले की सांध्यातून वायू गळतो. सगळी नळी आधी सैल जोडावी, हलवून सरळ करावी आणि मग इंजिनाकडून मागे एकेक सांधा आवळत यावे. ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग आणि स्टेपनी यांच्यापासून ती दूर आहे ना, हे वाकून स्वतः पाहावे. वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची तार आधी काढायला सांगावे. आजकालच्या गाड्यांत इंजिनाचा मेंदू इलेक्ट्रॉनिक असतो आणि वेल्डिंगच्या प्रवाहाने तो कायमचा निकामी होऊ शकतो.

तिसरी गोष्ट, काम झाल्यावर इंजिन सुरू करून मागच्या तोंडावर जाड फडके क्षणभर धरावे. सांधे घट्ट असतील तर इंजिन घुसमटू लागते, फट असेल तर तिथून ‘फुस्स’ आवाज येतो. दोन-तीन दिवस गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नळी गाडीच्या मागच्या टोकापर्यंत गेली पाहिजे. पत्रा वाचवण्यासाठी किंवा आवाज ‘खुलून’ येण्यासाठी ती मध्येच कापून बाजूला काढतात, तेव्हा धूर गाडीखाली कोंडतो. आपल्याकडे पिकअपच्या मागे फक्त माल बसत नाही. शेतावर जाणाऱ्या मजूर बाया बसतात, लग्नाला निघालेली लेकरे बसतात. नियमात ते बसत नाही हे खरे, पण डोळ्यांसमोर रोज दिसणारे नाकारून काय उपयोग? डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे. आणि गळक्या सांध्यातून केबिनमध्ये येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. शिवाय कापूस किंवा कडबा भरलेल्या गाडीखाली तापलेली उघडी नळी म्हणजे काडी पेटवून ठेवल्यासारखेच.

गाळणीवर घाव

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे धोरण लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सर हा आता नुसता आवाजाचा डबा राहिलेला नाही. बहुतेक गाड्यांत त्याच वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी अधूनमधून सुमारे सहाशे अंशांना जाळून ही गाळणी स्वतःला साफ करते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या पिकअपला ते जमत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद उतरते, आणि कंपनीच्या केंद्रातला खर्च ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो. नेमके तेव्हाच कोणीतरी सांगते, ‘गाळणीच उडवून टाक ना!’

हप्त्यावर गाडी घेतलेल्या तरुणाची ही अडचण खरी आहे. तिची टिंगल करू नये. पण गाळणी उडवली की काजळी कुठे जाणार? ती आळीत, गच्चीवर वाळत घातलेल्या पापड-कुरडयांवर आणि लेकरांच्या फुप्फुसांत जाणार. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा हमरस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग गाडी नेली आणि दिवा लागताच टाळाटाळ न करता सफाई करून घेतली, तर पुष्कळदा मोठा खर्च टळतो. गाडी विकताना हे कोणी समजावून सांगत नाही, ही खरी तक्रार आहे. ती विक्रेत्यांनी मनावर घ्यावी.

कायदा आहे, पण...

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. आवाज आणि धुराचे नियम मोडून गाडी चालवणाऱ्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. अपघात झालाच तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयती जागा मिळते, ती वेगळीच.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. डेसिबलचे गणित फसवे असते. दहाने आकडा वाढला की आवाजाची तीव्रता दसपट होते. ४५ चे ७५ झाले म्हणजे तीव्रता हजारपट झाली!

पण अंमलबजावणीचे काय? पीयूसीच्या तपासणीत धूर मोजतात, आवाज मोजत नाहीत. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते सायलेन्सर बहुतेक मोटारसायकलींचे होते, पण प्रश्न तोच आहे. रोलर फिरतो तो पोराच्या पैशांवर. ज्या दुकानात तो पाइप उघड्यावर टांगलेला असतो आणि ज्या गॅरेजात तासाभरात बसवून मिळतो, तिकडे तो रोलर क्वचितच वळतो. मूळ पकडायचे तर दुकानांची तपासणी हवी, गस्तीच्या गाडीत आवाज मोजण्याचे यंत्र हवे, आणि पहिल्या वेळी मूळ सायलेन्सर परत बसवून दाखवला तर समजुतीने घेण्याची तयारीही हवी.

आणि थोडे आपणही आरशात पाहू. मुलाच्या वरातीत भिंती हादरेपर्यंत डीजे लावणारे, निवडणुकीत कर्ण्यांच्या गाड्या मध्यवस्तीत फिरवणारे आपण, विशी-बाविशीच्या पोराने नळी बदलली की संस्कारांवर बोलू लागतो. त्या पोराने कर्ज काढून गाडी घेतलेली असते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मालकीची म्हणावी अशी ती वस्तू असते. ती आली हे चार जणांना कळावे, एवढीच त्याची हौस असते. हौसेला दुसरी वाट दाखवता येते. खान्देशातल्या पिकअपच्या मागच्या फळीवर आईवडिलांची नावे आणि कुलदैवत रंगवतात, केबिनला गोंडे लावतात, पोळ्याच्या बैलासारखी गाडी सजवतात. त्याने कोणाची झोप मोडत नाही.

रेल्वे फाटकाच्या अलीकडे रुळालगत ‘सी/फा’ अशी अक्षरे लिहिलेली पिवळी पाटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. फाटक जवळ आले, शिटी वाजवा, हा तिचा अर्थ. कोणती शिटी कधी, किती वेळा आणि कशासाठी वाजवायची, याची संहिता रेल्वेच्या नियमांत आहे. हजारो टनांची गाडी ओढणाऱ्या माणसालाही मन मानेल तसा भोंगा बसवून घेता येत नाही. त्याचा प्रत्येक आवाज कोणाचा तरी जीव वाचवण्यासाठी असतो. म्हणूनच कदाचित त्या आवाजात भुसावळ निर्धास्त झोपते.

तेव्हा येत्या उन्हाळ्यापूर्वी घरातल्या गाडीमालकाने एकदा गाडीखाली वाकून पाहावे. डबा सडला असेल तर बदलावा, काढून टाकला असेल तर परत बसवावा, नळी आखूड केली असेल तर मागपर्यंत न्यावी. खर्च येईल, पण एखाद्या दंडाहून तो कमीच असेल. आणि रात्री उशिरा भाडे सोडून घरी परतताना आळीच्या तोंडाशी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून हळूच आणावी. वर गच्चीवर कोणाचा तरी आत्ता कुठे डोळा लागलेला असतो. बहुधा त्यात त्याची स्वतःची आईही असते.